मेळावा भावकीचा, वही लेकी-सुनांची

आज आम्ही बोलणार आहोत घराण्याच्या मेळाव्याबद्दल. कुणी त्याला कुलसंमेलन म्हणतं, कुणी स्नेहमेळावा. आमच्याकडे नुसतं ‘भावकी जमवायची’ म्हणतात. आम्ही जावा-नणंदा मिळून चौघी. दोघी पाटण तालुक्यात गावी राहतो, दोघी मुंबईला करी रोडला. भावकी जमवायचं काम आमच्याकडे आलं, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी घराणी फुटतात कशी ते बघा. भांडणानंच फुटतात असं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या कितीतरी घरांचं एक टोक गावी आणि दुसरं गिरणगावात. गावचा कुणीतरी आधी मुंबईला गेलेला असायचा. तो भावाला, पुतण्याला बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटवायचा. झोपायला गावच्या मंडळाची खोली, तीसुद्धा पाळीपाळीनं, जेवायला खाणावळ. त्या खाणावळी बायकाच चालवायच्या. त्यांच्यासाठीच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. इकडे गावी बायको शेत, म्हातारी-कोतारी आणि गुरं सांभाळायची. दोन्ही टोकं जोडून ठेवायला मनीऑर्डर, पत्र आणि मे महिन्यातली एसटी.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी होते, सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्यांचं दिवाळं वाजलं. कितीतरी माणसं गावी परतली, पोरं तिकडेच राहिली. पुढं खोल्या विकून कुणी बदलापूरला गेलं, कुणी विरारला, कुणी कल्याणच्या पुढं. करी रोडजवळ डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत खोली होती १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत तीन चुलतभाऊ आपापल्या पोराबाळांसह राहिले, आणि आता त्यांची नातवंडं लोकलमध्ये समोरासमोर बसली तरी एकमेकांना ओळखायची नाहीत.

तुमच्या घरातलं कुणी मुंबईला नसेल, पुण्याला, सुरतेला किंवा ऊसतोडीला असेल. गत तीच.

आता काम. लोक सुरुवात करतात हॉलपासून आणि जेवणाच्या ताटापासून. आम्ही म्हणतो, आधी शंभर पानी वही आणा. जेवण एका दिवसात होतं, नावं गोळा करायला चार-सहा महिने लागतात.

घराण्याची नावं पूर्वीपासून लिहिली जातात. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या घरी नामावळीच्या चोपड्या आहेत. आपल्या आज्यापणज्यानं तिथं विधी केला असेल तर त्याचं नाव सापडू शकतं. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी येतात, वंशावळ वाचून दाखवतात. तलाठ्याकडं गाव नमुना ६ म्हणजे फेरफार, आणि त्यातच ६-क ही वारस नोंदवही. जुन्या जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. शाळेचं जनरल रजिस्टर हे आणखी एक. हे सगळं जरूर बघा. पण वंशावळ बहुतेक बापाकडून मुलाकडं चालते. आलेली सून ‘अमक्याची बायको’ होते, आणि दिलेली लेक गायबच होते.

म्हणून आमच्या वहीत प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि लग्नात ठेवलेलं नाव अशा तिन्ही गोष्टी लिहिल्या. प्रत्येक लेकीचं सासर, तिची मुलं, नातवंडं लिहिली. तसं केल्यावर वही दुप्पट झाली. आणि गंमत म्हणजे हरवलेली माणसं सापडली तीही बायकांकडूनच. मुंबईचा चुलता कुठं राहायला गेला ते पुरुषांना आठवत नव्हतं. त्याच्या बायकोच्या माहेरी विचारलं, दोन दिवसांत फोन नंबर मिळाला.

म्हाताऱ्या बायकांना तारीख विचारू नका, ती सांगता येत नाही आणि मग त्या गप्पच बसतात. विचारा, “आक्का, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?” तो ११ डिसेंबर १९६७ चा. “७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा थोरला पोटात होता की कडेवर?” “संप झाला तेव्हा मामंजी कुठल्या मिलमध्ये होते?” एवढ्यावर साल बरोबर निघतं. मिलचं नाव मात्र नक्की लिहून घ्या, आणि तिकीट नंबर, हजेरीकार्ड, फंडाचा कागद असेल तर जपून ठेवा. गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेत मयत कामगाराच्या वारसालाही हक्क आहे, आणि तिथं पुरावा कागदाचाच लागतो.

एक नाजूक गोष्ट. टाकलेली, दुसरं लग्न केलेली, जातीबाहेर गेलेली, मूल दत्तक घेतलेली अशी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांना गाळू नका, पण काय लिहायचं ते त्यांनाच विचारा.

लेकींची नावं लिहायला घेतली की कुणीतरी हमखास कुजबुजतं, “आज नाव लिहिलं, उद्या वाटणी मागतील.” यावर आम्ही स्पष्ट बोलतो. वहीत नाव लिहून हक्क मिळत नाही आणि गाळून जात नाही. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मानं वाटा आहे, तो हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच तशी सुधारणा केली होती. त्या २००५ च्या तारखेला बाप हयात असायलाच हवा असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. तेव्हा घाबरून नावं खोडण्यात अर्थ नाही. आणि एक नियम आम्ही आधीच सगळ्यांना सांगून ठेवला: मेळाव्याच्या दिवशी कुठलाही सहीचा कागद मांडवात आणायचा नाही. बहिणी वर्षातून एकदा भेटतात म्हणून त्याच दिवशी हक्कसोडपत्राची गोष्ट काढणारे भाऊ आम्ही पाहिलेत. गोडाधोडाच्या ताटावर बहीण नाही म्हणत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

तारीख ठरवताना गणपती-शिमगा टाळा. घर भरलेलं असतं पण बाई चुलीपुढून हलत नाही. पेरणी आणि सुगी नको. मे महिन्यात पोरांना सुट्टी असते, पण गावात पाणी किती आहे ते आधी बघा. जत्रेला माहेरवाशिणी येतातच, म्हणून जत्रेचा दुसरा दिवस आम्हाला सगळ्यात सोयीचा वाटतो. मुंबईत जमणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक बघून घ्या. करी रोडला फास्ट गाडी थांबत नाही, गावाकडून आलेल्यांना दादरला उतरून स्लो धरायला सांगा, नाहीतर अर्धी भावकी भायखळ्याला पोचायची. सुतक पडलं तर कुठल्या तारखेला करायचं, तेही आधीच ठरवावं.

वर्गणी चुलीमागे, आणि थोडीच. एकटी विधवा बाई आणि दोन पगारांचं घर यांना एकच आकडा लावू नये. ज्यांना जास्त द्यायचंय त्यांनी द्यावं, पण माइकवर आकडे पुकारू नयेत. आचारी मात्र लावाच, भांडी घासायलासुद्धा बाहेरची माणसं लावा. यात पैसे वाचवले तर पुरुष गप्पा मारतात आणि सुना पुऱ्या तळतात, मग पुढच्या वर्षी मेळावा करायला त्याच सुना नको म्हणतात.

त्या दिवशी भाषणं कमी ठेवा. ओळख करून द्यायचा मान घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला द्या. ती एकेकाला हाक मारून ‘हा कुणाचा’ ते सांगेल, चुकलं तर दुसरी सांगेल, आणि त्यातच तासभर जातो. जुने फोटो सगळ्यांनी आणावेत. पोरांच्या हातात पेन्सिल द्या, म्हाताऱ्यांना विचारून फोटोच्या मागं हलक्या हातानं नावं लिहू देत. शाईचं पेन नको, फोटोवर उठतं.

वहीच्या दोन प्रती काढा. एक गावी, एक मुंबईला. आमची गावची प्रत धाकट्या जावेकडं आहे, मुंबईची एका नणंदेकडं, आणि बारसं, लग्न किंवा मयत झालं की त्या दोघी एकमेकींना फोन करून त्याच दिवशी लिहून घेतात.