जिल्ह्याची शिरगणती आणि कारभार

पुण्याकडून नगरला येतांना शहराच्या अलीकडे केडगांव लागतें. रेणुकामातेच्या देवळामुळें आणि नवरात्रांतील यात्रेमुळें हें नांव पंचक्रोशींत सर्वतोमुखीं आहे. (पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचें केडगांव तें दौंड तालुक्यांतील, हें निराळें.) एकेकाळचें हें खेडें आज 2003 सालीं स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. देऊळ हाललें नाहीं, शेतें सरकलीं नाहींत. परंतु रहिवासी सरकारी कागदांत 'ग्रामीण' होता तो 'नागरी' झाला, आणि गटाराची तक्रार सरपंचाऐवजीं नगरसेवकाकडे जाऊं लागली. शेताच्या सातबाराच्या उताऱ्यासाठीं मात्र त्याला महसूल खात्याचेंच दार ठोठवावें लागतें.

हा फरक केवळ नांवाचा नव्हे. स्वस्त धान्याचा 2013 चा कायदा देशांतील ग्रामीण लोकसंख्येपैकीं 75 टक्क्यांपर्यंत, तर नागरी लोकसंख्येपैकीं 50 टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य देतो. रेषा कोठें पडते यावर बरेंच अवलंबून असतें.

जिल्हा मोठा आहे. क्षेत्रफळ सुमारें 17,000 चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यांत सर्वांत अधिक, आणि तालुके 14. जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मस्थान. 2024 सालीं जिल्ह्याला त्यांचें नांव मिळालें. 1901 च्या खानेसुमारींत येथें 8,37,695 माणसें भरलीं, तीं दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी. मधल्या दुष्काळांची ही खूण. 2011 मध्यें तीच संख्या 45,43,159 झाली, आणि दर पांचांतील चार माणसें खेड्यांत राहणारीं निघालीं.

या खेड्यांवर दोन सांखळ्यांनीं कारभार चालतो. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार आणि लोक ज्याला तलाठी म्हणतात तो, ही जमीन-महसुलाची जुनी सांखळी. दुसरी निवडून दिलेल्यांची : जिल्हा परिषद, पंचायत समिति, ग्रामपंचायत, तिचें आजचें रूप 1962 पासूनचें. ग्रामपंचायतींत सात सभासद असावेत कीं सतरा, हें गांवच्या डोक्यांवरून ठरतें. राखीव जागाहि त्यावरूनच.

पण डोकीं मोजावयाचीं कोणत्या दिवशीं? 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाली. पाथर्डी, शेवगांव, जामखेड या कोरड्या तालुक्यांतील हजारों कुटुंबें त्या वेळीं घरीं नसतात. मुकादमाकडून उचल घेऊन तीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कांहीं याच जिल्ह्याच्या उत्तरेकडे, जेथें भंडारदऱ्याचें पाणी प्रवरेच्या कालव्यांनीं फिरतें, कांहीं फार दूर. नियम असा कीं, गणनेच्या साऱ्या मुदतींत जो घराबाहेर असेल त्याची नोंद तो सांपडेल तेथें व्हावयाची. म्हणजे मजूर कारखान्याजवळच्या कोपीवर मोजला जातो, आणि गांवच्या खात्यावर उरतात म्हातारीं माणसें व त्यांच्याजवळ ठेवलेलीं मुलें. चैत्राच्या सुमारास तीं कुटुंबें परततात. पाणी, दवाखाना, रोजगार-हमीचें काम यांची गरज तेथेंच, आणि ऐन उन्हाळ्यांत. अशा गांवाला टँकरची मागणी करतांना आपल्याच माणसांचा हिशेब पुन्हां द्यावा लागतो. तोडीवरचा हिशेब तर याहून विलक्षण : नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. सरकारच्या वहींत माणसें दोन, मुकादमाच्या वहींत नग एक.

1881 पासून दर दहा वर्षांनीं होत आलेली खानेसुमारी 2021 सालीं झालीच नाहीं. मधल्या काळांत गांवें वाढलीं, शहरांच्या कडेला केडगांवसारख्या वसाहती फुगल्या. धान्याचा वांटा आणि सभासदांच्या जागा मात्र 2011 च्याच आंकड्यांवर ठरत राहिल्या. पुढील शिरगणतीसाठीं 1 मार्च 2027 हा दिवस धरला असून डोकीं मोजण्याचें काम फेब्रुवारींत ठरलें आहे. फेब्रुवारींत ऊसतोड चालू असते.