गोदी हटली, जमीन कोणाची?

मुंबईचा समुद्र म्हटलं की चौपाटी, दादर, जुहू आठवतं. हे सगळं पश्चिमेचं. पूर्वेलाही समुद्र आहे, पण तो फारसा कोणाला दिसत नाही. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत सुमारे २८ किलोमीटरचा किनारा मुंबई बंदराच्या भिंती, फाटकं आणि गोदामांच्या आड गेलेला आहे. आत जवळपास १,८०० एकर जमीन आहे आणि तिच्यावर पुढे काय उभं राहावं, हा आज देशातल्या सगळ्यात मोठ्या नगररचनेच्या प्रश्नांपैकी एक आहे.

दख्खनमधल्या हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीसारख्या गावाला ही गोष्ट लांबची वाटेल. पण दख्खनचा माल या गोदीकडे नेणारा लोहमार्ग कलबुर्गीवरूनच जातो. १८७१ मध्ये तो रायचूरला पोहोचला आणि १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादचा फाटा निघाला. मुंबईचं बंदर मोठं झालं ते अशा दूरच्या शिवारांतल्या कापसावर आणि गळिताच्या धान्यावर.

१८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. कॉटन ग्रीनची कापसाची गोदामं, दारूखान्यातलं जहाजतोडणीचं काम, लाकडाच्या वखारी, धान्याचे डेपो हे सगळं गोदीच्या आधाराने वाढलं. गोदी कामगारांच्या आणि माथाड्यांच्या कित्येक पिढ्या इथे जगल्या.

ही गोदी थकली कशामुळे? पाठीवरून पोती उतरवायचे दिवस कंटेनरने संपवले. कंटेनर ठेवायला प्रशस्त मोकळी जागा लागते, तो हलवायला रुंद रस्ते लागतात आणि तो आणणाऱ्या अवाढव्य जहाजांना खोल पाणी लागतं. दाट वस्तीत अडकलेल्या जुन्या बंदराकडे यातलं काहीच पुरेसं नव्हतं. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरची वाहतूक तिकडे गेली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या तर भराव टाकून बुजवल्या गेल्या. तेलाची आणि इतर मालाची ये-जा अजून चालू आहे, पण पूर्वीची वर्दळ राहिली नाही.

म्हणून २०१४ मध्ये केंद्र सरकारने पोर्ट ट्रस्टच्या माजी अध्यक्ष राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली या जमिनीच्या वापरासाठी समिती नेमली. पुढे २०१८ मध्ये ट्रस्टकडेच नियोजनाचे अधिकार आले आणि आराखड्याचा मसुदाही निघाला. दरम्यान तुकड्या-तुकड्यांनी बदल होत राहिले. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, शिवडीतून निघणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि बॅलार्ड पियरवर क्रूझ टर्मिनल उभं राहिलं.

पण या पट्ट्याला पडीक म्हणणाऱ्याने पहाटे ससून डॉकवर जावं. उजाडायच्या आत बोटी लागतात, टोपल्या उतरतात, लिलावाचे पुकारे सुरू होतात. छपराखाली बायका ओळीने बसून कोळंबी सोलतात. बोटं इतक्या झपाट्याने चालतात की नजर ठरत नाही. भिंतीपलीकडे शेकडो लहान कारखाने, भंगारवाले, भाडेकरू, झोपड्या आहेत. शिवडीच्या चिखलात दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात. इथलं जगणं थांबलेलं नाही.

मुंबईने याआधी एकदा हा धडा घेतला आहे, तोही महागात. गिरण्या बंद पडल्यावर १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. शहराला मिळणारा वाटा आक्रसला आणि चिमण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले.

जगातही दोन्ही तऱ्हा दिसतात. लंडनमध्ये १९८१ मध्ये खास महामंडळ नेमून गोद्यांच्या जागी कॅनरी वॉर्फची कचेऱ्यांची नगरी उभी केली. पैसा आला, पण नव्या नोकऱ्या आपल्यापर्यंत पोहोचल्या नाहीत, ही जुन्या रहिवाशांची तक्रार राहिली. हॅम्बुर्गने हाफेनसिटीची १५७ हेक्टर जागा शहराच्याच कंपनीकडे ठेवली. तुकडे विकताना तिथे काय उभारणार हे तोललं आणि पाण्याकाठच्या वाटा सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवल्या.

मुंबईची जमेची बाजू मोठी आहे. गिरण्यांच्या बऱ्याच जमिनी खासगी मालकांच्या ताब्यात होत्या. गोदीची जमीन सार्वजनिक संस्थेकडे आहे. त्यामुळे कोळ्यांचा धक्का, कामगारांची घरं, शिवडीची दलदल आणि किनाऱ्यावरची सलग पायवाट या चार गोष्टी आराखड्यात आधी पक्क्या करता येतात. कचेऱ्या आणि क्रूझसाठी उरलेली जागाही थोडी नसेल. एकदा दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे नव्या विकासकांच्या हाती गेले की हा क्रम उलटा करणं कोणत्याही सरकारला जड जाईल.