'कन्सेंट' आणि मौन

इंग्रजी-मराठी कोश उघडला की 'कन्सेंट' या शब्दापुढे संमती, रुकार, मान्यता असे प्रतिशब्द एका ओळीत मिळतात. ओळ सरळ असली तरी शब्द सरळ नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सोबतीने जाणणे, एकमताचे होणे. आपल्या 'संमती'ची घडणही तीच: सम् आणि मती. दोन्ही शब्दांत दोन मने गृहीत आहेत. ज्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या 'हो'ला हे नाव देता येत नाही.

इंग्रजीत शेजारी आणखी शब्द आहेत. राष्ट्रपती विधेयकाला देतात ती 'असेंट'. संविधानाच्या मराठी पाठात तिला अनुमती म्हटले आहे. 'ॲक्विएस' म्हणजे विरोध न करता गप्प राहणे. 'सबमिशन' म्हणजे खाली मान घालणे, शरण जाणे. यांतला फरक कोशापुरता राहिला असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते.

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्याकडे पंडितांनी रूढ केले. ज्यांना बोलण्याची मुभा होती त्यांच्यापुरते ते खरेही असेल. पण ज्याने तोंड उघडले की पाठीवर काठी पडे, त्याच्या गप्प बसण्याला हे लक्षण कसे लावायचे? सावकाराच्या कागदावर 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' असे असायचे, आणि खाली अंगठा अशा माणसाचा, ज्याला ते वाचता येत नव्हते. वेठबिगारीविरुद्धच्या १९७६ च्या कायद्याने असले करार सरळ रद्दबातल ठरवले. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले: भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच.

हेच न्यायालय चारच वर्षांपूर्वी वेगळे बोलले होते. २६ मार्च १९७२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी धरले. भयाने शरीर हतबल होणे म्हणजे इच्छा नव्हे, असे तिथे म्हटले गेले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून संमती! रात्रीचे पोलीस ठाणे, दिवे मालवलेले, दार लावलेले, समोर खाकी वर्दी. तिने ओरडायचे होते ते कुणाला ऐकवायला? भयापोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ९० तर १८६० पासून पुस्तकात होते.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा मुळात या शब्दाचाच होता: शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे. देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाल्यावर संमती नव्हती असे बाईने सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरायचे. २०१३ मध्ये संमतीची व्याख्याच कलमात आली. निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार म्हणजे संमती. केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती मानता येणार नाही. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ही व्याख्या तशीच आहे.