विश्लेषण : थीम पार्कच्या तिकिटावर व्हाउचरमुळे खरी बचत किती?

सुट्टी लागली की मावळ, लोणावळा आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील घराघरांत थीम पार्कचा विषय निघतो. मोबाइलवर ‘२० टक्के सूट’, ‘तीन तिकिटांवर एक मोफत’, ‘गिफ्ट व्हाउचर’ अशा जाहिरातींचा पाऊस पडतो. चौघांचे कुटुंब एका दिवसासाठी पाच-सात हजार रुपये खर्च करते, तेव्हा यातली कोणती सवलत खरी आणि कोणती केवळ दिसायला मोठी, हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

कोणते व्हाउचर कोणत्या पार्कसाठी?

खोपोली-पाली रस्त्यावरील इमॅजिका हे पार्क २०१३ मध्ये सुरू झाले. ते लोणावळ्याहून घाट उतरल्यावर, रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात आहे. लोणावळ्याजवळचे ‘वेट एन जॉय’ मात्र घाटमाथ्यावर आहे. इमॅजिकाची सूत्रे २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेली आणि २०२४ मध्ये ‘वेट एन जॉय’ही इमॅजिकाच्या कंपनीकडे आले. मालकी एक असली तरी एका ठिकाणचे व्हाउचर दुसरीकडे चालेलच असे नाही. शिवाय थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटे वेगळी असू शकतात. त्यामुळे व्हाउचरवर पार्कचे नेमके नाव आणि तिकिटाचा प्रकार आहे का, ही पहिली तपासणी.

‘२० टक्के सूट’ म्हणजे नेमके किती रुपये?

समजा, शनिवार-रविवारचे तिकीट करांसह १,५०० रुपये आहे. चौघांचे ६,००० रुपये होतात. २० टक्के सवलतीने १,२०० रुपये वाचायला हवेत. मात्र अटींमध्ये ‘कमाल सूट ३०० रुपये’ असेल तर खरी सवलत पाच टक्केच पडते.

‘तीन तिकिटांवर एक मोफत’ ही योजना चौघांना २५ टक्के स्वस्त पडते. आजी सोबत आल्या आणि पाच जण झाले, तर चार तिकिटांचे पैसे द्यावे लागतात आणि सवलत २० टक्क्यांवर येते. तिघांच्या कुटुंबाला तिचा उपयोगच नाही.

आता हेच तिकीट मंगळवारी १,२०० रुपयांना मिळत असेल, तर चौघांचे कोणत्याही व्हाउचरशिवाय ४,८०० रुपयेच होतात. म्हणजे ३०० रुपयांचे व्हाउचर वापरून रविवारी जाण्यापेक्षा व्हाउचरविना मंगळवारी जाणे ९०० रुपयांनी स्वस्त. रांगा कमी असतात, हा फायदा वेगळाच.

जीएसटीचा संबंध कुठे येतो?

थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावर सुरुवातीला २८ टक्के जीएसटी होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. जाहिरातीतील दर करांसह आहे की कर वगळून, याने बराच फरक पडतो. १,५०० रुपयांच्या मूळ तिकिटाचे करासह १,७७० रुपये होतात.

सवलत आणि कॅशबॅक यांतही फरक आहे. बिलातच ३०० रुपये कमी झाले, तर कर १,२०० रुपयांवर लागतो आणि एकूण १,४१६ रुपये द्यावे लागतात. पूर्ण पैसे भरून नंतर ३०० रुपये कॅशबॅक मिळाला, तर तिकीट १,४७० रुपयांना पडते. एका तिकिटामागे ५४, तर चौघांमागे २१६ रुपयांचा हा फरक आहे. त्यातही कॅशबॅक ॲपच्या वॉलेटमध्ये अडकला, तर तो पार्कच्या खर्चात धरता येत नाही.

गिफ्ट व्हाउचरची मुदत किती?

बँक किंवा परवानाधारक कंपनीच्या प्रीपेड गिफ्ट कार्डला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार किमान एक वर्षाची मुदत असते. पार्कचे स्वतःचे, फक्त तिथेच चालणारे व्हाउचर या नियमांच्या कक्षेत येत नाही. त्याची मुदत पार्क ठरवते. कंपनीकडून दिवाळीत मिळालेले व्हाउचर मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत कालबाह्य होऊ शकते, ते यामुळेच. दिवाळी, नाताळ, सलग सुट्ट्या अशा दिवशी ते चालत नाही, अशी अटही असू शकते.

पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

– लहान मुलांचे तिकीट वयावर की उंचीवर? अनेक पार्कमध्ये प्रवेशद्वारावर उंची मोजतात. मुलाची उंची आदल्या दिवशी घरीच मोजलेली बरी.

– तारीख बदलता येते का? ऐनवेळी मूल आजारी पडले, तर सवलतीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतीलच असे नाही.

– एका बुकिंगवर दोन व्हाउचर चालतात का?

– जेवण, लॉकर, पोहण्याचे कपडे आणि पार्किंगचा खर्च धरला आहे का?

– कारने जाणाऱ्यांनी टोलही मोजावा. राष्ट्रीय महामार्गांसाठीचा फास्टॅग वार्षिक पास मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर चालत नाही.

फसवणूक झाल्यास दाद कुठे?

सुरुवातीला कमी दर दाखवून शेवटी शुल्क वाढवणे, न विचारता एखादी सेवा बिलात जोडणे, ‘शेवटची दोनच तिकिटे’ अशी खोटी घाई करणे यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई आहे. अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. बनावट संकेतस्थळ किंवा समाजमाध्यमावरील ‘अर्ध्या किमतीत पास’ देणाऱ्याने पैसे लुबाडले असतील, तर विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. व्हाउचरच्या अटींचा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवल्यास दोन्हीकडे उपयोग होतो.

थोडक्यात, आधी दिवस ठरवावा, मग पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावरील त्या दिवसाचा करांसह दर पाहावा आणि त्यानंतरच व्हाउचरचा हिशेब करावा. हा क्रम उलटा झाला, की व्हाउचर वाया जाऊ नये म्हणून महागड्या दिवशी सहल काढली जाते.