तान्ह्या बाळाची शस्त्रक्रिया आणि गिलानुपट्ठाकाची पूर्वतयारी

बाळाच्या डोक्यात पाणी साठले आहे, मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की त्या घरात दोन चौकश्या सुरू होतात. पैसा कोठून आणावयाचा ही पहिली, आणि हे कोणाच्या पापाचे फळ ही दुसरी. गरोदरपणी ग्रहणात आईने विळी हाती घेतली होती काय, गेल्या जन्मीचे काही देणे राहिले होते काय, असे प्रश्न त्या मातेसमोरच विचारले जातात. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतही ते आमच्या कानी आलेले आहेत. म्हणून प्रथम त्यांचाच निकाल लावू.

संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो की, मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत खरे काय? तथागत ते मान्य करीत नाहीत. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात अशी कारणे ते मोजतात. कर्मविपाक हे त्या यादीतील केवळ आठवे व शेवटचे. सर्व काही पूर्वकर्मावर टाकणारे लोक स्वतःच्या अनुभवाची मर्यादा ओलांडतात, असे त्यांचे उत्तर आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाच्या शिकवणीशी विसंगत ठरविला. बाबासाहेब व माता रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार बाळे अकाली गेली. रमाईंना त्याबद्दल कोणी पाप लावले तर आपण ऐकून घेऊ काय? मग शेजारच्या मातेबद्दल ते ऐकून का घ्यावे?

आता रोग काय आहे ते पाहू. मेंदूच्या पोकळ्यांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो, मेंदूभोवती फिरतो व रक्तात शोषला जातो. जन्मतः वाट अरुंद असणे, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होणे, मेंदूज्वर, अशा कारणांनी ही वाट अडली की द्रव साठतो. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे सांधलेली नसल्याने डोके वाढू लागते, टाळू फुगीर होते, बाळ ओकते, सुस्त पडते, बुबुळे खाली वळलेली दिसतात. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटीमीटर असतो आणि वर्षाअखेर सुमारे ४६. तो याहून फार वेगाने वाढला तर सोनोग्राफी करून घ्यावी. उपचारात बहुधा मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटापर्यंत एक बारीक नळी घालतात व तिला झडप बसवितात. या नळीला शंट म्हणतात. काही बाळांत दुर्बिणीने आतल्या आत दुसरी वाट करून देता येते. औषधाने किंवा डोके बांधून हा दाब उतरत नाही, आणि विलंब झाला तर दबलेल्या मेंदूची हानी भरून येत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात रुग्णाची सेवा करणाऱ्याचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण दिले आहेत. तो औषध देण्यास समर्थ असतो; हितकर काय व अहितकर काय ते जाणतो; लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो; मलमूत्र, ओकारी काढण्याची किळस बाळगत नाही; आणि रुग्णाला धम्माच्या बोलांनी धीर देतो. यांपैकी दुसरा गुण शस्त्रक्रियेच्या आधी सर्वांत अधिक कसोटीस लागतो. भूल देण्यापूर्वी बाळाचे पोट रिकामे असावे लागते. साधारणतः अंगावरचे दूध चार तास व वरचे दूध सहा तास आधी थांबवितात, नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतात. बाळ रडते म्हणून आजीने मायेने चाटविलेली चमचाभर गुटीसुद्धा भुलेत उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. हे घरातील प्रत्येकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. टाळूवर तेल घालू नये, तीट-काजळ लावू नये, काळा दोरा व वाळे उतरवून ठेवावेत. परित्राणाचा दोरा असेल तर तोही. मैत्री दोऱ्यात नसते. बाळाला ताप, खोकला, जुलाब असेल तर तारीख पुढे जाईल या भीतीने लपवू नये. त्याच महावग्गात, आपला आजार खरा न सांगणाऱ्या रुग्णाची सेवा कठीण असते असे म्हटले आहे. बाळाला तर बोलताच येत नाही, त्याचे खरे आईबापांनीच सांगावयाचे आहे.

संमतीपत्रावर सही करताना प्रश्न विचारण्यास संकोचू नये. आजच का, न केल्यास काय, दुसरा मार्ग आहे काय, धोका कोणता, हे विचारणे हा डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. जीवकाची कथा येथे आठवावी. राजगृहाच्या श्रेष्ठीचे मस्तक उघडण्यापूर्वी त्याने विचारले, सात महिने एका कुशीवर, सात दुसऱ्या कुशीवर, सात उताणे पडून राहाल काय? श्रेष्ठी होय म्हणाला, तेव्हाच त्याने कवटीची शिवण उकलली. प्रत्यक्षात एकवीस दिवस पुरले. इतके आधी सांगितले नसते तर तेवढेही पडून राहिला नसतास, असे जीवकाने त्याला नंतर सांगितले. आपल्याकडे मात्र शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आईला किसागोतमीची कथा ऐकविणारे भेटतात. ती कथा मृत बाळाला कवटाळून बसलेल्या मातेची आहे. बाळ जिवंत असताना जीवकाचीच सांगावी.

पैशाची चौकशी अगदी योग्य आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतच बालकांची तपासणी होते व पुढील उपचारासाठी पाठविले जाते. राज्याची जीवनदायी योजना २०१२ साली सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शिधापत्रिका, आईबापांचे आधारकार्ड आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच जावे. मुंबईस न्यावे लागले तर सोबत जाणारा, रक्त देणारा, घरी राहिलेल्या मोठ्या मुलाला सांभाळणारा, एवढी माणसे विहाराने उभी करावीत.

यात नवे काही नाही. ज्यांना पांडवलेणी असे चुकीचे नाव पडले आहे त्या आपल्या त्रिरश्मी लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीचा एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने गोवर्धन येथील श्रेणींकडे, त्यांत तेल्यांचीही होती, अक्षयनिधी ठेवला. त्याच्या व्याजातून त्रिरश्मीवर राहणाऱ्या भिक्षुसंघातील रुग्णांचे औषध व्हावयाचे होते. लेखात तिने स्वतःची ओळख कन्या, पत्नी आणि माता म्हणून दिली आहे. दरवर्षी लेण्यांवर जाणाऱ्या उपासकांनी हा लेख एकदा उभे राहून पाहावा.

घरी आल्यावर सेवा संपत नाही. नळी पुढे तुंबू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. मूल वाढताना ती बदलावीही लागते. वारंवार ओकारी, न उठणारी झोप, ताणलेली टाळू, ताप, झटके, नळीच्या मार्गावर लाली, यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेची तारीख, नळीचा प्रकार व शेवटच्या तपासणीची चित्रे एका पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवावी.