तळ्यातले जिवाणू सुस्त नसतात
तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण 10 लाख जिवाणू असतात. आज मोजा किंवा आठवड्याने, आकडा बहुधा फारसा हलत नाही. त्यावरून ते नुसते पडून असतात, असा समज होतो. तो स्वाभाविक असला तरी बरोबर नाही. घरात पोळ्या लाटणे आणि जेवणे एकाच वेळी चालू असले, की डब्यात कायम चार-पाचच पोळ्या दिसतात. जिवाणूही सतत दुभंगतात आणि सतत खाल्ले जातात.

खाणारे मुख्यतः कशाभिकाधारी (चाबकासारखी शेपटी असलेले एकपेशीय जीव). शेपटी हलवून ते पाण्याचा झोत अंगाशी ओढतात आणि सापडलेला जिवाणू गिळतात. सर्वांत विलक्षण आहे तो भक्ष्याचा बचाव: शिकारी वाढले की काही जिवाणू लांब धाग्यांसारखे वाढतात, मग ते गिळता येत नाहीत. विषाणूही जिवाणूंना मारतात, ते वेगळेच.

कशाभिकाधारींनाही खाणारे असतात. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरात वसंताच्या अखेरीस डॅफ्निया (पाण्यातले सूक्ष्म कवचधारी प्राणी) वाढतात, शैवालाबरोबर कशाभिकाधारीही फस्त करतात आणि पाणी काही काळ नितळ होते. उष्ण कटिबंधातल्या तळ्यांत मोठ्या डॅफ्निया कमी असतात. तिथे पाणी बारमाही कोमट, त्यामुळे या जीवांच्या संख्येतले चढउतार थंडीपेक्षा पाऊस आणि पाण्याचे ढवळणे यांवर अधिक ठरतात.