विजेने मऊ होणारा पत्रा

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशिअमची फीत जळताना आपण सर्वांनी पाहिलेली असते. डोळे दिपवणारा प्रकाश पडतो आणि मागे पांढरी राख उरते. कारखानदाराला मात्र या धातूचा दुसराच गुण मोह घालतो. तो म्हणजे त्याचा हलकेपणा. एक घन सेंटिमीटर लोखंडाचे वजन सुमारे ७.९ ग्रॅम भरते, ॲल्युमिनिअमचे २.७ ग्रॅम, तर मॅग्नेशिअमचे अवघे १.७४ ग्रॅम. वाहनाचे वजन घटले की इंधन वाचते. मग मोटारींचे दरवाजे आणि टपे सर्रास मॅग्नेशिअमच्या पत्र्याची का नसतात?

मॅग्नेशिअमचे भाग वापरात आहेत, पण त्यांतील बहुतेक ओतीव असतात. फोक्सवॅगनच्या जुन्या 'बीटल' मोटारीच्या एंजिनाचे कवच मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूचे असे, तेही ओतलेलेच. पत्रा साच्यात दाबून आकार द्यायचा म्हटले की हा धातू अडून बसतो. थंड पत्रा थोडासा वाकतो आणि मग तडकतो. ३ टक्के ॲल्युमिनिअम आणि १ टक्का जस्त घातलेली 'एझेड ३१' ही मिश्रधातू पत्र्यासाठी नेहमी वापरतात. तिचीही खोड हीच.

थरांची अडचण

धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. अख्खा थर एकदम घसरत नाही. जड सतरंजी सरकवायची असली की आपण तिला एका कडेला सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती पुढे ढकलत नेतो. स्फटिकातही अशीच एक 'सुरकुती' थरातून पुढे सरकते. तिला स्थानभ्रंश म्हणतात.

ॲल्युमिनिअमच्या घनाकृती रचनेत अशा घसरणीचे बारा मार्ग असतात. मॅग्नेशिअमची रचना षट्कोनी असते. नेहमीच्या तपमानाला त्यात मुख्यतः एकाच प्रकारचे थर सहज घसरतात, ते म्हणजे षट्कोनाच्या तळाशी समांतर असलेले. त्या थरात तीन दिशा असल्या, तरी तिसरी दिशा पहिल्या दोहोंच्या मिश्रणातून मिळते. म्हणजे स्वतंत्र मार्ग दोनच. धातूला हवा तो आकार घेता यावा म्हणून असे पाच स्वतंत्र मार्ग लागतात, हे इंग्लंडमधील जी. आय. टेलर यांनी १९३८ साली स्पष्ट केले होते.

आणखी एक अडचण आहे. लाटून पत्रा करताना बहुतेक स्फटिकांचे हे तळथर पत्र्याच्या पृष्ठभागाला समांतर होऊन बसतात. टेबलावर पत्त्यांचा कॅट ठेवून पाहा. पत्ते आडवे सरकतील, पण वरून कितीही दाबले तरी कॅटची जाडी कमी होणार नाही. पत्रा ताणायचा तर तो पातळ व्हायला हवा, आणि नेमके तेच या थरांना जमत नाही.

उष्णतेचा उपाय

तपमान सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की अणूंची थरथर वाढते आणि इतर तिरप्या थरांवरील घसरणही सुरू होते. म्हणून मॅग्नेशिअमचा पत्रा तापवूनच दाबतात. तो पेट घेत नाही, कारण त्याचा वितळणबिंदूच ६५० अंशांच्या आसपास आहे आणि आपण त्याच्या बरेच खाली असतो.

पण पातळ पत्र्यात उष्णता साठते ती किती? भट्टीतून काढून थंड साच्यावर ठेवला की तो पाहता पाहता निवतो. म्हणून साचाही तापवावा लागतो. त्याला वेळ आणि इंधन दोन्ही लागतात. त्यापेक्षा पत्र्यालाच स्वतःची शेगडी बनवले तर? त्यातून थेट विद्युतप्रवाह सोडायचा, म्हणजे उष्णता आतूनच निर्माण होईल.

१० सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशी 'एझेड ३१'ची पट्टी घेऊ. तिचे घनफळ १ घन सेंटिमीटर आणि वजन सुमारे १.८ ग्रॅम. तिचा विद्युतरोध सुमारे ०.०००९२ ओहम इतका अल्प असतो. तिच्यातून २०० ॲम्पिअर प्रवाह सोडला, तर टोकांमधील विद्युतदाब ०.२ व्होल्टपेक्षाही कमी भरतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या ज्यूलच्या नियमाने शक्ती येते सुमारे ३७ वॅट. साध्या ४० वॅटच्या दिव्याहूनही कमी! पण या धातूच्या एका ग्रॅमला एक अंश तापवायला जेमतेम १ ज्यूल लागतो. म्हणून उष्णता बाहेर गेली नाही असे धरल्यास पट्टी दर सेकंदाला सुमारे २० अंशांनी तापेल. दहा सेकंदांत २०० अंशांची वाढ!

फक्त उष्णताच का?

इथे एक जुना वाद उभा राहतो. १९६३ साली सोव्हिएत संघातील ट्रॉइट्स्की आणि लिख्टमन यांनी जस्ताचे स्फटिक ताणत असताना त्यांवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला आणि स्फटिक अधिक सहज ताणले जातात असे नोंदवले. जस्तही षट्कोनी रचनेचेच आहे. पुढे धातूतून प्रवाहाचे झटके सोडूनही असे प्रयोग झाले. वाहणारे इलेक्ट्रॉन वाऱ्यासारखे स्थानभ्रंशांना ढकलतात, अशी कल्पना त्यातून पुढे आली.

हा 'वारा' किती जोराचा? आपल्या पट्टीत इलेक्ट्रॉनांचा सरासरी वाहण्याचा वेग सेकंदाला सुमारे दीड मिलिमीटर येतो. म्हणून अनेकांना शंका वाटते की, पत्रा मऊ होतो तो केवळ तापल्यामुळेच. याचा निवाडा करायचा तर एक पट्टी भट्टीत आणि दुसरी विजेने, पण दोन्ही अगदी सारख्याच तपमानाला नेऊन ताणाव्या लागतात. बाकी सर्व सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची. हे वाटते तितके सोपे नाही, कारण पृष्ठभागाचे तपमान मोजता येते, पण आत स्फटिकांच्या सीमांवर ते वेगळे असू शकते. उष्णतेचा वाटा मोठा असतो हे बहुतेकांना मान्य आहे. त्यापलीकडे काही उरते का, एवढाच प्रश्न आहे. २०२१ साली अमेरिकेत बर्कली येथील संशोधकांनी टायटॅनिअम आणि ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूवर केलेल्या प्रयोगात, प्रवाहाच्या झटक्यांनी स्थानभ्रंशांची मांडणीच बदलते आणि हे केवळ तापण्याने होत नाही, असे दाखवले. पण एका धातूचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

दुधारी शस्त्र

जो नियम पत्रा तापवतो तोच त्याचा घातही करू शकतो. ताणताना एखाद्या जागी पत्रा १० टक्क्यांनी बारीक झाला असे समजा. प्रवाह सगळीकडे सारखाच असतो, पण तिथली वाट अरुंद. त्यामुळे तिथे दर घन सेंटिमीटरमागे निघणारी उष्णता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. ती जागा जास्त तापते, जास्त मऊ होते, आणखी बारीक होते आणि शेवटी तुटते. एखादी बारीक चीर असली तर प्रवाह तिच्या टोकाला वळसा घालून जातो, म्हणून तिथेही गर्दी होते. यासाठी प्रवाह सतत न सोडता थोड्या वेळाच्या झटक्यांनी सोडता येतो. मधल्या विसाव्यात उष्णता शेजारी पसरते. साचाही विजेपासून अलग ठेवावा लागतो, नाही तर प्रवाह पत्रा सोडून पोलादी साच्यातूनच निघून जाईल.

आता एक गणित तुमच्यासाठी. आपल्या पट्टीतील प्रवाह २०० ऐवजी ४०० ॲम्पिअर केला, तर ३० अंशांवरून २३० अंशांपर्यंत जायला किती सेकंद लागतील? उत्तर पाच सेकंद आले असेल, तर ज्यूलच्या नियमातील 'वर्ग' हा शब्द पुन्हा एकदा वाचा. बरोबर उत्तर अडीच सेकंद आहे.